मळमळ, नौका आणि सहा अक्षरं: मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी शब्द कसे कमवावेत

"सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर." आपल्यातल्या बहुतेकांची इंग्रजीशी ओळख या तालावर झाली. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं, त्याआधीच्या पोरांनी पाचवीत एबीसीडी गिरवली. पण ताल दोन्ही पिढ्यांचा तोच. मान डोलवायची, सगळ्या वर्गाने एका सुरात म्हणायचं आणि डोळे खिडकीबाहेरच्या चिंचेवर. तोंड स्पेलिंग म्हणतं, कान ऐकतात, अर्थही कळतो. डोळ्यांनी मात्र तो शब्द नीट बघितलेलाच नसतो.

मराठी माध्यमातून बारावी झाली, आता नर्सिंगला, पॉलिटेक्निकला किंवा लॉला गेलात आणि हातात जाडजूड इंग्रजी पुस्तक पडलं, अशांसाठी हे टिपण आहे. बोलायची भीती, ग्रामर, उच्चारावरून होणारी चेष्टा यांतलं काही इथे नाही. वाचताना नवा शब्द समोर आला की त्याला आपलासा कसा करायचा, एवढंच.

(हा लेख देवनागरीत आहे. त्यामुळे स्पेलिंग शाळेतल्यासारखं तोंडी म्हणावं लागेल आणि उच्चार देवनागरीत लिहावे लागतील. हेच तुम्ही करू नका असं मी पुढे सांगणार आहे, तेव्हा आधीच माफी मागून ठेवतो.)

आधी पेन्सिलचं लिखाण खोडा

माझ्याकडे संध्याकाळी काही मुलंमुली इंग्रजी वाचायला येतात. त्यांतली एक नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची. तिचं पुस्तक उघडलं तर प्रत्येक ओळीवर पेन्सिलने बारीक देवनागरी होती. छापील शब्दाच्या डोक्यावर उच्चार, इतका नेटका की पान दोन मजली दिसत होतं. धडा तिने खडाखडा वाचून दाखवला. मी वहीचा एक कागद फाडून वरचा मजला झाकला आणि म्हटलं, आता वाच. ती पहिल्याच ओळीत अडली. तीन महिने रोज वाचलेला धडा होता तो.

तिची चूक नव्हती. डोळा आळशी असतो. सराईत वाचणाऱ्याचा डोळा एका शब्दावर साधारण पाव सेकंद थांबतो. तेवढ्या वेळात समोर देवनागरीही असेल आणि रोमनही, तर तो ओळखीच्या घरातच शिरणार. खालची अक्षरं दिसतात, पण कामाला लागत नाहीत.

डेव्हिड शेअर या इस्रायली संशोधकाने या कामाला लागण्यावरच बोट ठेवलं. त्याचं म्हणणं असं, की वाचणारा स्वतः अक्षरांवरून उच्चार जुळवतो, अडखळत का होईना, तेव्हाच त्या शब्दाचं स्पेलिंग डोक्यात बसायला लागतं. वाचता वाचता वाचणारा स्वतःचाच मास्तर होतो. १९९९ साली त्याने हिब्रू वाचणाऱ्या दुसरीतल्या मुलांना गोष्टी दिल्या. त्यांत बनावट शब्द पेरलेले होते, एकेक शब्द मोजक्याच वेळा. तीन दिवसांनी मुलांसमोर तोच शब्द आणि तसाच उच्चार होणारं दुसरं स्पेलिंग ठेवलं, तर बहुतेकांनी गोष्टीतलं बरोबर ओळखलं. कोणी पाठ करून घेतलं नव्हतं, दहा वेळा लिहून घेतलं नव्हतं. अक्षरं जुळवायचे कष्ट मात्र मुलांनी स्वतः घेतले होते.

म्हणून पहिली पायरी म्हणजे खोडरबर. अर्थ मराठीत लिहा, खुशाल लिहा, पण समासात. शब्दाच्या डोक्यावर नाही. उच्चार देवनागरीत लिहूच नका. मोबाइलमधल्या डिक्शनरीत कर्ण्याचं चिन्ह असतं, ते दाबा, दोनदा ऐका आणि लगेच छापील शब्दावर बोट ठेवून स्वतः म्हणा. फारच वाकडा शब्द असेल तर जिथे अडलात तेवढाच तुकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि आठवड्याने तो खोडा.

उलट टोकाचा सल्लाही तुम्ही ऐकला असेल: "मराठीत विचारच करू नका." हा मला पटत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. जुडिथ क्रोल आणि एरिका स्ट्युअर्ट यांनी १९९४ साली द्विभाषिकांच्या शब्दसाठ्याचा जो आराखडा मांडला, त्यात नवशिक्याचा परभाषेतला शब्द अर्थापर्यंत पोचतो तो मातृभाषेतल्या शब्दाचं बोट धरून. सराव वाढला की ते बोट आपोआप सुटतं. बोट आधीच हिसकावून घेतलं तर पोर पडतं. थोडक्यात, अर्थासाठी मराठी हवीच, अक्षरांसाठी देवनागरी नको. या दोन गोष्टींची गल्लत होते, म्हणून कोणी पानभर देवनागरी लिहितो आणि कोणी मराठीचं नावच टाकतो.

देवनागरीची सवय कुठे आडवी येते

आपली लिपी बहुतांशी लिहिल्याप्रमाणे वाचायची. बहुतांशी म्हणतो, कारण चमच्यातला च आणि चहातला च वेगळा आहे, आणि 'कि'मधली वेलांटी दिसते आधी नि वाचायची नंतर. पण हे आपल्याला जाणवतसुद्धा नाही. इंग्रजीत २६ अक्षरांवर चव्वेचाळीसच्या आसपास ध्वनींचा संसार चालतो, तेव्हा ओढाताण होणारच.

त्यात आपण इंग्रजी शब्द देवनागरीत घातले की काही फरक गळून पडतात. 'वेस्ट' लिहिलं. आता हा पश्चिमेचा डब्ल्यू-ई-एस-टी, की वाया घालवण्याचा डब्ल्यू-ए-एस-टी-ई? मराठीत दोन्ही जुळी भावंडं. त्यात व्हीने सुरू होणारा बनियनवाला व्हेस्ट येतो, आणि बोलताना आपण त्यालाही वेस्टच म्हणतो. ॲ आणि ऑ या खुणा मराठीने इंग्रजी शब्दांसाठीच घेतल्या. २००९ च्या शासननिर्णयाने त्या अधिकृत वर्णमालेतही बसल्या. त्यामुळे बॅट आणि बेट वेगळे लिहिता येतात. सगळेच ध्वनी असे वेगळे होत नाहीत.

मुकी अक्षरं बघून चिडू नका. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. पुढच्या काळात छापील स्पेलिंगं हळूहळू गोठली आणि बोलणं मात्र सरकत राहिलं. काही अक्षरं तर पंडितांनी मागाहून घुसडली. कर्जाच्या 'डेट'मधला बी कधी उच्चारलाच जात नव्हता. लॅटिनमध्ये मूळ शब्दाला बी आहे, हे दिसावं म्हणून तो बसवला. पण सगळीच अक्षरं अशी आगंतुक नाहीत. 'साइन'मधला जी मुका आहे खरा, पण 'सिग्नेचर' म्हटलं की तो बोलायला लागतो. सही करणं आणि सही, एकाच घरचे, हे सांगायला तो तिथे उभा असतो. मुकं अक्षर दिसलं की त्याचा एखादा बोलका नातेवाईक आहे का ते बघा. सापडला तर ते स्पेलिंग सहसा सुटत नाही.

पुस्तक निवडताना शंभर शब्द मोजा

पुस्तकातला कुठलाही मजकूर घ्या, शंभर शब्द मोजा आणि न कळणाऱ्या शब्दांखाली रेघ मारा. दोनच रेघा आल्या तर ते पुस्तक एकट्याने, लोळत वाचण्याजोगं आहे. पाचपर्यंत आल्या तर डिक्शनरी घेऊन बसा. दहाच्या वर गेल्या तर ते वाचन नाही, खोदकाम आहे. अभ्यासक्रमाचं पुस्तक असेल तर खोदावं लागेलच, पण रोज अर्धा तास सोपंही काहीतरी वाचा.

शंभरात दोन हा आकडा मी मनाने काढलेला नाही. न्यूझीलंडचे भाषासंशोधक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००० साली दाखवलं, की मजकूर मदतीशिवाय नीट कळायला त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. पुढे नेशन यांनी हिशेब मांडला, की कादंबरी किंवा वर्तमानपत्रासाठी त्याचा अर्थ आठ ते नऊ हजार शब्दघराणी. घराणं म्हणजे रिक्वायर, रिक्वायर्ड, रिक्वायरमेंट हे सगळे मिळून एक.

आकडा ऐकून पोटात गोळा आला असेल तर दुसरा ऐका. मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षक १९२० च्या दशकात ढाक्यात होता. बंगाली मुलांना इंग्रजीत बोलण्यापेक्षा वाचायची गरज जास्त आहे, हे त्याने ओळखलं आणि अवघड शब्द काढून सोपी वाचनपुस्तकं केली. त्याची १९५३ ची सुमारे दोन हजार शब्दांची यादी आजही वापरतात. कॉलेजच्या पुस्तकांतला सुमारे ८० टक्के मजकूर तेवढ्यात आटोपतो. त्यावर ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ५७० घराण्यांची एक यादी केली, खास शैक्षणिक पुस्तकांसाठी. त्यात आणखी १० टक्के.

ही दुसरी यादी मोबाइलवर शोधून छापून घ्या. माझा अनुभव असा, की मुलं विषयातल्या अवघड शब्दांवर अडत नाहीत. ऑस्मोसिस सगळ्यांना येतं. सरांनी तीनदा सांगितलेलं असतं, परीक्षेत येतं. घोडं अडतं ते 'ऑकर' (घडणे), 'सिग्निफिकंट' (लक्षणीय), 'नेव्हरदलेस' (तरीही) या मधल्या शब्दांवर. ते कोणी शिकवत नाही, आणि वाक्याचा सगळा सांधा त्यांच्यात असतो.

सातवीचं विज्ञान पुन्हा काढा

आता मला सगळ्यात आवडणारी पायरी. मराठी माध्यमातल्या मुलांकडे एक ठेवा असतो आणि त्यांना त्याची लाज वाटायची सवय लावलेली असते: पाठ्यपुस्तकातले ते जडजंबाल संस्कृत शब्द. प्रकाशसंश्लेषण, गोलार्ध, अपृष्ठवंशीय. "कशाला हे अवघड मराठी, सरळ इंग्रजी शब्द वापरा की," असं आपणच म्हणायचो. पण हे शब्द घडवणाऱ्यांनी बऱ्याचदा परभाषेतल्या शब्दाचे तुकडे करून तुकड्यास तुकडा ठेवलेला आहे. म्हणजे तुमच्या डोक्यात इंग्रजी शब्दाचा नकाशा आधीच काढलेला आहे. फक्त वरची नावं मराठीत आहेत.

फोटो म्हणजे प्रकाश, सिंथेसिस म्हणजे संश्लेषण. मायक्रो सूक्ष्म, स्कोप दर्शक. थर्मो ताप, मीटर मापक. हेमिस्फिअरमध्ये हेमि हा अर्धा आणि स्फिअर हा गोल. गोलार्धात फक्त जागा बदलल्या. इन्व्हर्टिब्रेटमधला इन म्हणजे अपृष्ठवंशीयमधला अ. ट्रान्सपरंटमधला ट्रान्स म्हणजे पारदर्शकातला पार. आणि नर्सिंगवाल्यांचा रोजचा शब्द, डीहायड्रेशन: डी म्हणजे निर्, हायड्र म्हणजे जल, शेवटचं शेपूट म्हणजे करण. निर्जलीकरण. एकास एक.

आता यातला एच-वाय-डी-आर हा तुकडा एकदा डोळ्यांत बसला, की हायड्रोजन, हायड्रॉलिक, कार्बोहायड्रेट, हायड्रोइलेक्ट्रिक या सगळ्यांची निम्मी स्पेलिंगं फुकट. हायड्रोजन म्हणजे पाणी जन्माला घालणारा. जुन्या मराठी पुस्तकांत त्याला उद्जन म्हणत, आणि उद म्हणजेही पाणीच.

कृती साधी आहे. बालभारतीची विज्ञान आणि भूगोलाची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत निघतात आणि संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळतात. तुमच्या विषयाला जवळचं, सातवी ते दहावीतलं एक पुस्तक निवडा, दोन्ही भाषांतलं. आधी मराठीतलं एक पान वाचा. मग तेच पान इंग्रजीत. मजकूर बहुतेक समांतर चालतो, चित्रं तीच असतात, त्यामुळे अर्थाची चिंता उरत नाही आणि सगळं लक्ष शब्दाच्या रूपावर देता येतं. दहावीचं पुस्तक परत वाचताना कमीपणा वाटेल. वाटू द्या. आठवड्याभरात कॉलेजचं पुस्तक हलकं वाटायला लागतं, तेव्हा तो जातो.

विज्ञान नको असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मुलांच्या गोष्टी आहेत. एकच गोष्ट अनेक भाषांत, पातळीप्रमाणे लावलेली. आईवडिलांपैकी कोणाला या वयात इंग्रजी वाचायचं असेल तर तिथूनच सुरुवात करा.

उपसर्गांची गंमतही आपल्याला नवी नाही. हार या एका मुळाला आ, वि, प्र, सं, परि लागले की आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार होतात. इंग्रजीतला पोर्ट तसाच. लॅटिनमध्ये वाहून नेणं. आत आणलं की इम्पोर्ट, बाहेर नेलं की एक्स्पोर्ट, पलीकडे नेलं की ट्रान्सपोर्ट, आणि स्टेशनवरचा हमाल तो पोर्टर.

एका शब्दाची पहिली भेट

हे प्रत्यक्षात कसं करायचं ते एकाच शब्दावर दाखवतो. त्या नर्सिंगच्या मुलीला छळणारा शब्द घेऊ: नॉझिआ. काही जण नॉशिआही म्हणतात. स्पेलिंग एन-ए-यू-एस-ई-ए. सहा अक्षरं, त्यांत चार स्वर, कुठला कुठे हे कळेना. दर वेळी ती काहीतरी वेगळं लिहायची.

वाक्य होतं, औषध घेतल्यावर पेशंटला नॉझिआ आणि उलटी होऊ शकते. डिक्शनरीला हात लावण्याआधी मी विचारलं, अंदाज कर. उलटीच्या जोडीला काय येतं? ती म्हणाली, मळमळ. बरोबर. अंदाज करायचाच, पण तो पडताळून बघायचा. न पडताळलेला अंदाज पुढे खात्री म्हणून मिरवतो. तिने डिक्शनरीत बघितलं, कर्णा दाबून ऐकलं, समासात 'मळमळ' लिहिलं.

मग शब्दाचे दोन तुकडे केले. एन-ए-यू. नौ. मूळ ग्रीक शब्द जहाजावरचा: जहाज म्हणजे नाउस, आणि त्यावर बसल्यावर पोटात होतं ते नॉझिआ. आपली नौका त्याच जुन्या घराण्यातली. आणि मराठीत आपण काय म्हणतो? बोट लागली. एसटीत बसलं की गाडी लागते, रेवसच्या लाँचमध्ये बसलं की बोट लागते. उरलेला तुकडा एस-ई-ए, म्हणजे सी, समुद्र. हा योगायोग आहे, व्युत्पत्ती नव्हे, पण लक्षात ठेवायला योगायोग चालतो. नौका अधिक समुद्र बरोबर मळमळ. ती हसली आणि पुस्तक बंद करून स्पेलिंग लिहिलं. बरोबर आलं.

ही युक्ती जुनी आहे. १९७५ साली ॲटकिन्सन आणि रॉ यांनी स्टॅनफर्डमध्ये रशियन शिकणाऱ्यांवर ती वापरून बघितली. परक्या शब्दाच्या आवाजासारखा ओळखीचा शब्द शोधायचा आणि दोघांचं मिळून एक चित्र डोळ्यांसमोर आणायचं. असं करणाऱ्यांच्या लक्षात जास्त शब्द राहिले. मात्र प्रत्येक शब्दाला अशी गोष्ट रचत बसू नका. पाच-सहा वेळा भेटूनही जो हाताला लागत नाही, त्याच्यासाठी ती राखून ठेवा.

आणि ते दहा वेळा लिहून काढणं? बघितलंय ना कसं होतं ते? पोरं आधी उभ्या रांगेत दहा एन लिहितात, मग शेजारी दहा ए, मग दहा यू. शब्द एकदाही लिहिला जात नाही, नुसत्या भिंती रंगतात. त्यापेक्षा एकदा बघा, झाका, न बघता लिहा, उघडून तपासा. चुकलं ते अक्षर गोल करा. असं दोनदा. बास.

ओळखीचे चेहरे, वेगळी माणसं

मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द मोठी मदत करतात, पण त्यांतले काही दगा देतात, कारण मराठीत राहून त्यांचा स्वभाव बदललाय. आपला कंपास म्हणजे कंपासपेटी. पुस्तकातला कंपास होकायंत्र असतो किंवा वर्तुळ काढायचं साधन. आपली गॅलरी घराला असते, कपडे वाळत घालायला. त्याला पुस्तकात बाल्कनी म्हणतील आणि गॅलरीत चित्रं टांगतील. आपल्या हॉटेलात मिसळ मिळते, त्यांच्या हॉटेलात मुक्काम. परीक्षेत आपण कॉपी करतो, त्यांच्याकडे त्याला चीटिंग म्हणतात. पेशंट हा रुग्ण, पण वाक्यात तो विशेषण होऊन आला तर 'धीर धरणारा'. ओळखीचा शब्द वाक्यात नीट बसत नसेल तर वाक्याला दोष देऊ नका, शब्द पुन्हा बघा.

दुसरा सापळा जोड्यांचा. क्लासच्या नोट्समध्ये सारखे दिसणारे किंवा उलट अर्थाचे शब्द शेजारीशेजारी छापतात आणि आपण ते एकत्र पाठ करतो. मग आयुष्यभर गोंधळ. बॉरो आणि लेंड घ्या. मराठीत दोन्हीकडे 'उसने'च. घेणे की देणे ते क्रियापद सांगतं. त्यामुळे आपल्याला आधीच शंका, त्यात दोन्ही एकाच दिवशी शिकलो. आज बॉरो शिका: लायब्ररीतून पुस्तक बॉरो केलं, म्हणजे आपल्याकडे आलं. तो अंगवळणी पडला की पंधरा दिवसांनी लेंड. क्वाएट आणि क्वाइट, अफेक्ट आणि इफेक्ट, सगळ्यांना हाच न्याय.

बुटाचा खोका

हर्मान एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच भराभर निसटतं आणि मग निसटण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी निसटायच्या बेतात असताना करायची. सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने १९७२ साली यासाठी खोका सांगितला. बुटाचा किंवा मिठाईचा खोका घ्या, पुठ्ठ्याने तीन कप्पे करा. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा दहा दिवसांनी. शब्द आला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला की परत पहिल्यात.

चिठ्ठीवर नुसता शब्द नको, जिथे भेटला ते वाक्य लिहा आणि शब्दाखाली रेघ. मागे मराठी अर्थ. पहिले काही दिवस पुढून मागे या: इंग्रजी बघून अर्थ. मग उलटी, अर्थ बघून स्पेलिंग लिहून. दुसरं जास्त त्रासाचं आहे आणि जास्त टिकतं. चिठ्ठ्या वाचत बसण्यात अर्थ नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी पाहिलं, की धडा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्याने बघितलं तर न बघता आठवून काढणारे पुढे गेलेले असतात. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलेलं परीक्षेनंतर का उरत नाही, ते इथे कळतं.

मोबाइलवर अँकी नावाचं ॲप हेच काम करतं. दुसऱ्याने बनवलेले पाच हजार शब्दांचे गठ्ठे मात्र उतरवून घेऊ नका. ते शब्द तुम्हाला कुठे भेटलेलेच नसतात. दिवसाला पाच-सहा नव्या चिठ्ठ्या, स्वतः लिहिलेल्या. मी खोक्याच्या बाजूचा आहे, कारण खोक्यात रील येत नाहीत.

डिक्शनरी कुठली

पहिले सहा महिने इंग्रजी-मराठी. नंतर शिकणाऱ्यांसाठीची इंग्रजी-इंग्रजी. ती नेहमीच्या डिक्शनरीपेक्षा वेगळी असते, तिच्यातले अर्थ मुद्दाम मोजक्या सोप्या शब्दांत दिलेले असतात. लाँगमनने १९७८ मध्ये सुमारे दोन हजार शब्दांत सगळे अर्थ बसवले. ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स ही ए. एस. हॉर्नबी यांनी जपानी विद्यार्थ्यांना शिकवताना रचली आणि ती पहिल्यांदा १९४२ साली जपानमध्येच निघाली. इंग्लंडमधल्या मुलांसाठी ती नव्हतीच, आपल्यासारख्यांसाठी होती.

कोशाची वाट उलट दिशेनेही कोणीतरी तुडवली आहे. मोल्सवर्थ हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. मराठी त्याची दुसरी भाषा. पंडितांना हाताशी धरून त्याने शब्द गोळा केले. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, वाढवलेली आवृत्ती १८५७ साली. आज एखाद्या जुन्या मराठी शब्दाचा अर्थ अडला तर आपण मराठी माणसं तोच उघडतो.

भाषांतराची ॲपं वाक्याचा अर्थ चांगला देतात. अख्खं पान त्यांच्याकडून करून घेतलं, की तुमच्या डोळ्यांचं काम पुन्हा बंद. आधी इंग्रजी वाक्य दोनदा वाचा, मग ॲपला विचारा, मग पुन्हा इंग्रजी वाचा.

किती दिवस?

हा प्रश्न सगळे विचारतात. दिवसाला पाच शब्द धरले आणि रविवार सोडला तर वर्षाला दीड हजार होतात. त्यांतले काही गळतील. कॉक्सहेडबाईंची ५७० ची यादी चार-पाच महिन्यांत निभते. त्या मुलीने पुस्तक खोडायला घेतलं तेव्हा खोडरबराच्या कचऱ्याने टेबल भरलं होतं. पहिला महिना ती आधीपेक्षा हळू वाचत होती आणि वैतागत होती. तुमचंही तसंच होईल. त्या महिन्यात वेग मोजू नका, पानं मोजा.

आणि एखादा शब्द खोक्यात महिनाभर पहिल्याच कप्प्यात मुक्काम ठोकून असेल, तर ती चिठ्ठी फाडून टाका. खरोखर लागणारा असेल तर पुढच्या कुठल्या तरी धड्यात तो पुन्हा भेटतोच, आणि तेव्हा त्याच्यासाठी नवी चिठ्ठी करायची, नव्या वाक्यासकट.